आत्याबाईला मिशा फुटल्या तेव्हा

२० जानेवारी १९७० च्या रात्री सुमारे १,५०० थिएटरांमध्ये लोक तिकीट काढून बॉक्सिंगची एक मॅच बघायला बसले होते. एका कोपऱ्यात रॉकी मार्सियानो, दुसऱ्या कोपऱ्यात मुहम्मद अली. दोघेही हेवीवेट चॅम्पियन आणि दोघेही व्यावसायिक कारकिर्दीत तोवर एकदाही न हरलेले. अडचण एवढीच, की मार्सियानोनं १९५६ मध्ये निवृत्ती घेतली तेव्हा अली चौदा वर्षांचा शाळकरी पोरगा होता. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या रात्री मार्सियानोला जाऊन जवळपास पाच महिने झाले होते. अली जिवंत होता, पण त्याला रिंगमध्ये उतरू दिलं जात नव्हतं.

म्हणजे एक वारलेला माणूस, एक बंदी घातलेला माणूस, आणि निकाल लावायला कॉम्प्युटर.

'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं' असं म्हणून आपल्याकडे असले जर-तरचे वाद उडवून लावतात. वाद मात्र संपत नाहीत. ब्रॅडमन आजच्या फास्ट बॉलर्ससमोर किती टिकला असता, हे टपरीवर अजून ठरायचंय. पण क्रिकेटमध्ये निदान सरासरी नावाचा आकडा पुढे करून वेळ मारून नेता येते. बॉक्सिंगमध्ये तीही सोय नाही. तिथे प्रश्न एकच असतो: हा त्याला मारेल की तो ह्याला? म्हणून तिथला जर-तर जास्त चिवट आहे. १९६० च्या दशकात मायामीतल्या एका रेडिओवाल्याला वाटलं की हा वाद यंत्राला विचारून मिटवता येईल. निदान विकता तरी येईल.

त्याचं नाव मरी वोरोनर. १९६७ मध्ये त्यानं रेडिओवर एक स्पर्धा लावली. जॅक जॉन्सन, जॅक डेम्प्सी, जो लुईस, मार्सियानो, अली असे सगळ्या काळांतले सोळा हेवीवेट घेतले आणि बाद फेरीनं एकमेकांशी लढवले. प्रत्येक जण आपल्या ऐन भरातला धरायचा. बॉक्सिंगवर लिहिणाऱ्या आणि बॉक्सिंग जाणणाऱ्या लोकांकडून मतं मागवली: कोणाचा ठोसा किती जड, कोण किती चपळ, कोणाला किती मार सोसवतो, कोणाची कातडी लवकर फाटते. ही मतं आणि जुन्या लढतींच्या नोंदी एनसीआर ३१५ नावाच्या कॉम्प्युटरला खाऊ घातल्या. एनसीआर म्हणजे नॅशनल कॅश रजिस्टर, दुकानाच्या गल्ल्यावरची यंत्रं बनवून मोठी झालेली कंपनी. कॉम्प्युटरनं काढलेल्या निकालावरून मग निवेदक आणि साउंड इफेक्टवाले अशी काही कॉमेंट्री उभी करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, मॅच खरंच चालू आहे. अंतिम सामन्यात मार्सियानोनं डेम्प्सीला तेराव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं.

अली उपांत्यपूर्व फेरीतच गेला. गुणांवर हरला, आणि हरला तो जिम जेफ्रीजकडून.

हे नाव नीट पाहायला हवं. जेफ्रीज १८९९ ते १९०५ हेवीवेट चॅम्पियन होता. चॅम्पियन असताना त्यानं काळ्या आव्हानवीरांना किताबाची संधी दिली नाही. गोरे आव्हानवीर संपल्यावर तो न हरता निवृत्त झाला आणि शेती बघायला लागला. पुढे १९०८ मध्ये जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट चॅम्पियन झाला. तेव्हा गोऱ्या अमेरिकेनं जेफ्रीजला शेतावरून अक्षरशः ओढून आणलं. 'वंशाची लाज राखायला' त्यानं भरमसाठ वजन उतरवलं. ४ जुलै १९१० ला नेवाडातल्या रीनो गावी भर उन्हात जॉन्सननं त्याला पंधराव्या राउंडपर्यंत पद्धतशीर बडवला. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली झाल्या, माणसं मेली. लढतीची फिल्म दाखवायला कित्येक शहरांनी बंदी घातली, आणि १९१२ मध्ये तर बॉक्सिंगच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्ध कायदाच झाला.

अलीला जॅक जॉन्सनमध्ये स्वतःचं प्रतिबिंब दिसायचं. १९६७ मध्ये ते आणखीच खरं झालं होतं. एप्रिलमध्ये ह्यूस्टनच्या भरती केंद्रात त्यानं सैन्यात जायला नकार दिला आणि लगेच किताब गेला, परवाना गेला. जूनमध्ये पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील चालू असल्यानं तुरुंग टळला, पण पासपोर्ट जमा झाल्यामुळे परदेशात लढायचीही सोय उरली नाही. अशा वेळी रेडिओवर कळतं की कॉम्प्युटरच्या मते तू हरलास, आणि तेही जेफ्रीजकडून. अलीनं वोरोनरवर बदनामीचा दहा लाख डॉलरचा दावा ठोकला.

यात कॉम्प्युटरनं कट केला असं मला म्हणायचं नाही. कोड लिहून पोट भरणाऱ्या कोणालाही हे कळेल की कट करायची गरजच नव्हती. यंत्राला जे दिलं ते होतं १९६७ मधल्या क्रीडालेखकांचं मत, आणि त्यातले कितीतरी जण तोवर अलीला 'अली' म्हणायलाही तयार नव्हते. छापताना हट्टानं 'कॅशियस क्ले' लिहायचे. 'कचरा आत, कचरा बाहेर' हे आमच्या धंद्यातलं पहिलं सुभाषित. पण इथे कचरा म्हणणंही बरोबर नाही. प्रामाणिक मत होतं ते. फक्त आत जाताना ते मत होतं आणि बाहेर येताना त्याला विज्ञानाचा पोशाख चढला होता. भिंतीएवढं यंत्र, फिरणाऱ्या टेप, पांढऱ्या शर्टातले ऑपरेटर. माणसानं सांगितलं असतं तर लोक भांडले असते, यंत्राशी कोण भांडणार?

दावा शेवटी मिटला. कसा, तर अली वोरोनरच्या पुढच्या उद्योगात सामील झाला. आता रेडिओ नाही, सिनेमा: कॉम्प्युटरच्या स्पर्धेचा विजेता मार्सियानो विरुद्ध अली. कामधंदा बंद असलेल्या अलीला पैसे हवे होते. कॉलेजांत भाषणं देऊन तो घर चालवत होता. त्याच वर्षी ब्रॉडवेवरच्या एका संगीत नाटकातही त्यानं काम केलं, आणि ते आठवड्याभरात गुंडाळलं गेलं.

१९६९ च्या उन्हाळ्यात मायामीच्या एका स्टुडिओत शूटिंग झालं. मार्सियानो पंचेचाळीस वर्षांचा होता. त्यानं वीस किलोंहून जास्त वजन उतरवलं आणि टकलावर केसांचा टोप चढवला. अली सत्तावीसचा, पण दोन वर्षं लढत नसल्यानं अंगानं सुटलेला. दोघांनी एकेका मिनिटाचे सत्तरच्या आसपास राउंड खेळले. ठोसे आवरून मारायचे, रक्त खोटं, पडणं ठरवलेलं. शेवट एकाहून अधिक चित्रित केले, म्हणजे निकाल फुटायला नको. ह्या दिवसांत दोघांचं चांगलं जमलं असं सांगतात. मला ते पटतं. न हरलेला हेवीवेट चॅम्पियन असणं म्हणजे काय, हे त्या वेळी जगात ह्या दोघांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

शूटिंग उरकून काही आठवडे होतात तोच, ३१ ऑगस्टच्या रात्री, आयोवा राज्यात एक छोटं विमान कोसळलं आणि त्यात मार्सियानो गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा शेहेचाळिसावा वाढदिवस होता.

आता यंत्राच्या डोक्यात काय चालत असेल ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

दोन काळांतले खेळाडू तोलायचे तर दोन्ही काळांना जोडणारा दुवा लागतो. बुद्धिबळातलं एलो रेटिंग असंच चालतं. अ नं ब ला हरवलं, ब नं क ला हरवलं, तर अ आणि क कधी भेटले नसले तरी अंदाज बांधता येतो. मार्सियानो आणि अली यांच्यामध्ये असा दुवा एकच आहे, आर्ची मूर. दोघांशीही लढलेला एकमेव बॉक्सर. सप्टेंबर १९५५ मध्ये, मार्सियानोच्या शेवटच्या लढतीत, मूरनं त्याला दुसऱ्या राउंडमध्ये खाली पाडलं आणि नवव्यात स्वतः नॉकआउट झाला. नोव्हेंबर १९६२ मध्ये वीस वर्षांच्या अलीनं, म्हणजे तेव्हाच्या क्लेनं, त्याला चौथ्या राउंडमध्ये संपवलं. मग काय, चार हे नवाहून कमी, अली सरस? पण मधल्या सात वर्षांत मूर म्हातारा झाला होता. किती म्हातारा, हेही धड सांगता येत नाही. त्याचं जन्मसाल कोणी १९१३ म्हणतं, कोणी १९१६. दोन टेबलं जोडायला एकच ओळ आणि तिच्यातही जन्मतारखेचा घोळ, असा डेटा कोणी दिला तर मी काम परत पाठवीन.

समजा मूरसारखे दहा दुवे असते, तरी भागलं असतं का? नाही. बॉक्सिंगमध्ये अ > ब > क अशी साखळी टिकतच नाही. याचा सगळ्यात सुंदर पुरावा पुढे अलीच्याच आयुष्यात घडला. १९७१ मध्ये जो फ्रेझरनं अलीला हरवलं. मार्च १९७३ मध्ये केन नॉर्टननं हरवलं आणि जबडाही मोडला. जॉर्ज फोरमननं ह्या दोघांनाही, फ्रेझरला १९७३ मध्ये आणि नॉर्टनला १९७४ मध्ये, दोन-दोन राउंडमध्ये लोळवलं. साखळी लावा: फोरमन अलीचं काय करेल? ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला जायच्या आधी बहुतेकांनी हीच साखळी लावली होती. अलीनं फोरमनला आठव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं.

कारण सोपं आहे. बॉक्सर म्हणजे एक आकडा नव्हे, एक पद्धत आहे. फ्रेझर सतत पुढे घुसणारा, आणि फोरमनचा ठोसा पुढे येणाऱ्यालाच लागायचा. अली पुढे यायचाच नाही, दोरांवर रेलून मार खात राहिला आणि फोरमनला दमवला. 'दगड-कागद-कात्री'त सर्वश्रेष्ठ कोण, असा प्रश्न विचारण्यासारखं आहे हे.

त्यात नियम कोणते धरायचे? जेफ्रीजच्या काळात लढती पंचवीस राउंडच्या व्हायच्या, आणि रीनोची तर पंचेचाळीसची ठरली होती. मार्सियानो-अलीच्या काळात पंधरा. आज बारा. डेम्प्सीनं १९१९ मध्ये जेस विलार्डला पाडलं तेव्हा तो त्याच्या डोक्यावर उभा राहायचा आणि विलार्ड उठू लागला की परत हाणायचा. ते नियमात बसायचं. १९२७ मध्ये जीन टनीला पाडल्यावर त्याच डेम्प्सीला लांबच्या कोपऱ्यात जावं लागणार होतं, तो जायला रेंगाळला, मोजणी उशिरा सुरू झाली आणि टनी उठून जिंकला. मग कॉम्प्युटरमधला डेम्प्सी कुठला? आणि आजच्या नियमांनी गेलो तर मार्सियानो हेवीवेटच ठरत नाही. तो सुमारे ८५ किलोंचा होता. आज क्रूझरवेट गटाची मर्यादा ९०.७ किलो आहे, म्हणजे त्याला त्या गटात घालतील.

एवढं सगळं म्हणूनही, कोण जिंकलं असतं हे विचारल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. माझं मत अलीच्या बाजूनं आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तीन राउंडमध्ये उडवणारा अली घ्या. उंची सहा फूट तीन इंच. मार्सियानो साडेचार इंच बुटका, आणि हातांची पोच तर अलीपेक्षा दहाएक इंच कमी. शिवाय मार्सियानोची कातडी फाटायची. सप्टेंबर १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सनं त्याचं नाक असं चिरलं होतं की लढत थांबण्याची वेळ आली होती. थांबायच्या आत मार्सियानोनं चार्ल्सला आठव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं म्हणून वाचला. अलीचे जॅब तेरा-चौदा राउंड त्याच जागी बसले असते तर डॉक्टरनं हात वर केला असता. उलट बाजूही आहे. बुटका, वाकून घुसणारा, न थकणारा माणूस अलीला कायम जड गेला. फ्रेझर तसाच होता. आणि मार्सियानो मागे पडलाय म्हणून हरलाय असं कधीच नसायचं. १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध किताबाच्या लढतीत तिन्ही पंचांच्या कागदावर तो मागे होता, आणि उजव्या हाताच्या एका ठोशात वॉलकॉट दोराला लटकला. राउंड तेरावा.

हा तेरा लक्षात ठेवा. कॉम्प्युटरच्या स्पर्धेत डेम्प्सी पडला तोही तेराव्यात, आणि त्या जानेवारीच्या रात्री अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी अलीला पडद्यावर कोसळताना पाहिलं तोही तेराव्यात. यंत्रानं गणित करून हा आकडा काढला असेलही. मला मात्र तो कोणाच्या तरी आठवणीतून आलेला वाटतो. मार्सियानोच्या आयुष्यातला सगळ्यांना पाठ असलेला क्षण पुन्हा दाखवला की प्रेक्षक खूश होणारच. खऱ्या सिम्युलेशनचं उत्तर असं नसतंच. लढत हजार वेळा चालवायची आणि 'शंभरातून साठ वेळा हा, चाळीस वेळा तो' असं सांगायचं, हे त्याचं प्रामाणिक रूप. पण 'शंभरातून साठ' बघायला तिकीट कोण काढेल?

आणि युरोपात? तिथे दाखवलेल्या आवृत्तीत मार्सियानोच्या जखमा पाहून लढत थांबवली जाते आणि अली जिंकतो. एकच कॉम्प्युटर, एकच डेटा, अटलांटिक ओलांडला की निकाल उलटा. अमेरिकेत अली देशद्रोही होता, युरोपात हिरो. धंद्याच्या दृष्टीनं बघितलं तर यंत्र अगदी बरोबर चाललं होतं. गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचंच होतं ते.

निकाल ऐकून अली म्हणाला, हा कॉम्प्युटर अलाबामात बनवलेला असणार. अलाबामा म्हणजे वंशद्वेषासाठी बदनाम झालेलं दक्षिणेतलं राज्य. विनोद म्हणून तो अजून सांगितला जातो. मला त्या वाक्यात विनोदापेक्षा अचूकपणा जास्त दिसतो, कारण मॉडेलमध्ये पूर्वग्रह कुठून शिरतो, याचं इतकं नेमकं निदान त्या काळी कोणा इंजिनिअरनं केलेलं माझ्या वाचनात नाही. जॉन्सननं जेफ्रीजला खरोखर हरवलं ती फिल्म अमेरिकेनं दडपली होती. साठ वर्षांनी, मार्सियानोनं अलीला खोटंखोटं हरवल्याची फिल्म शेकडो थिएटरांत चालली. तिनं सुमारे पन्नास लाख डॉलर कमावले.

नऊ महिन्यांनी, ऑक्टोबर १९७० मध्ये, अली अटलांटात पुन्हा खरा रिंगमध्ये उतरला. सुप्रीम कोर्टानं त्याची शिक्षा रद्द केली ती जून १९७१ मध्ये. ऐन भरातली साडेतीन वर्षं मात्र गेली होती. जर-तरच्या सगळ्या लढतींमध्ये मला हीच खरी बघायची आहे: १९६८-६९ चा अली, कोणाही विरुद्ध. ती कोणत्याच यंत्रावर कोणी लावली नाही.

वेगवेगळ्या काळांतले चॅम्पियन कधीकधी प्रत्यक्षही भेटतात. फक्त त्यातला एक ऐन भरातला नसतो. ऑक्टोबर १९५१ मध्ये अठ्ठावीस वर्षांचा मार्सियानो सदतीस वर्षांच्या जो लुईसशी लढला. लुईस त्याचा हिरो. करखात्याचं देणं डोक्यावर होतं म्हणून लुईस निवृत्ती सोडून परत आला होता. आठव्या राउंडमध्ये मार्सियानोनं त्याला दोरांच्या बाहेर फेकलं, आणि नंतर लुईसच्या खोलीत जाऊन तो रडला. ऑक्टोबर १९८० मध्ये लास व्हेगासमध्ये अडतीस वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला. होम्स पूर्वी अलीचा सरावातला जोडीदार होता. दहा राउंड अलीला काहीच जमलं नाही. होम्स मध्येमध्ये रेफरीकडे बघत होता, हा थांबवत का नाही म्हणून. शेवटी अलीच्या कोपऱ्यानंच लढत थांबवली. होम्सही नंतर रडला.

पुढे ह्याच होम्सच्या वाट्याला मार्सियानो आला. माणूस नव्हे, आकडा. मार्सियानो ४९ लढती जिंकून, एकही न हरता गेला होता. १९८५ मध्ये होम्स ४८ वर पोहोचला. २१ सप्टेंबरला, मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला बरोबर तीस वर्षं झाली असताना, तो मायकल स्पिंक्सविरुद्ध उतरला आणि पंधरा राउंडनंतर गुणांवर हरला. मार्सियानोचा भाऊ तिथे हजर होता. पत्रकार परिषदेत होम्सचा तोल गेला. मार्सियानोला माझा लंगोटही उचलता आला नसता, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलून बसला. त्याबद्दल नंतर त्याला माफी मागावी लागली.